प्लास्टिकच्या पेटीतील स्क्रू-बॉस वारंवार का तडकतात: मोजक्या नगांच्या उत्पादनासाठी कारणशोध आणि उपाय

एखाद्या उपकरणाची पेटी किंवा मोजमापयंत्राचे आवरण मोजक्या संख्येने, म्हणजे ५० पासून एखाद-दोन हजार नगांपर्यंत, तयार करताना एक दोष पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. झाकण ज्या पोकळ खांबांवर स्क्रूने बसवले जाते, ज्यांना कारखान्यात सरसकट ‘बॉस’ म्हणतात, ते तडकतात. जुळणीच्या टेबलावर सगळे नग निर्दोष असतात, तपासणीत पास होतात, खोक्यात बंद होतात आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी त्यांतले काही नग उभ्या चिरा घेऊन परत येतात. मग पुढच्या खेपेला बॉस थोडा जाड केला जातो, एबीएस या नेहमीच्या प्लास्टिकऐवजी अधिक मजबूत मानले जाणारे पॉलिकार्बोनेट घेतले जाते, स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्यावर द्रवरूप थ्रेडलॉकर लावला जातो, आणि तरीही चिरा येतातच. कित्येकदा आधीपेक्षा जास्त येतात.

हा दोष परत परत येतो याचे कारण असे की त्याच्याकडे ताकदीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. प्लास्टिक ‘कमकुवत’ होते म्हणून ते फुटले, असे गृहीत धरून अधिक ‘मजबूत’ प्लास्टिक निवडले जाते. प्रत्यक्षात बहुतेक बॉस अचानक आलेल्या जोराने फुटत नाहीत. स्क्रू आवळल्यापासून त्यांच्या भिंतीत कायम कोंडून राहिलेल्या ताणामुळे ते सावकाश फुटतात. त्यामुळे भिंतीत किती ताण कोंडला गेला आहे आणि तो किती काळ तसाच राहणार आहे, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. पदार्थाची निवड त्यानंतर येते.

बॉसच्या भिंतीत नेमके काय घडते

आटे स्वतःच पाडत जाणारा स्क्रू भोकात शिरतो तेव्हा तो प्लास्टिक बाजूला सारतो. बाजूला सारलेल्या प्लास्टिकमुळे बॉसचा परीघ ताणला जातो आणि स्क्रू आत असेपर्यंत तो ताणलेलाच राहतो. मूळ मापाच्या तुलनेत परीघ किती टक्के वाढला याला विकृती म्हणतात, आणि सगळा हिशेब खरे तर या एका आकड्याभोवती फिरतो.

दाबून बसवलेल्या गुळगुळीत पिनेचे उदाहरण घेतले तर हा हिशेब चटकन उलगडतो. भोक ४.० मिमी आणि पोलादी पिन ४.१ मिमी असेल, तर फरक फक्त ०.१ मिमी दिसतो. पण पोलाद दबत नाही, म्हणून भोकाच्या कडेवरील प्लास्टिकला २.५ टक्के विकृती सोसावी लागते. आता पॉलिकार्बोनेटकडे पाहू. त्याचा नमन ताण, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचे वाकू-ओढले जाऊ लागते तो, साधारण ६० मेगापास्कल असतो, म्हणून ते फार मजबूत वाटते. पण वर्षानुवर्षे टिकून राहणाऱ्या भारासाठी त्याच्या भागांची आखणी करताना रूढ मर्यादा सुमारे १४ मेगापास्कल धरतात. त्याचा लवचिकता गुणांक, म्हणजे ताण भागिले विकृती, सुमारे २,४०० मेगापास्कल आहे, म्हणजे ही मर्यादा जेमतेम ०.६ टक्के विकृतीशी येऊन थांबते. पिनेने दिलेली विकृती त्याच्या चौपट आहे. प्लास्टिक हळूहळू सैलावून ताण कमी करते हे खरे, पण ते सैलावणे पुरेसे होण्याआधीच एखाद्या सूक्ष्म ओरखड्यापासून चीर सुरू होऊ शकते.

यावरून पॉलिकार्बोनेट हा बॉसच्या तड्यांवरचा आपोआप लागू पडणारा इलाज का नाही, हे लक्षात येईल. ते आघात उत्तम सोसते. कोंडलेला ताण मात्र, विशेषतः रसायनांच्या सान्निध्यात, ते वाईट सोसते. नायलॉन, ॲसिटाल आणि पॉलिप्रॉपिलिन यांसारखी अंशतः स्फटिकी (ज्यांचे रेणू काही भागांत शिस्तीत रचलेले असतात अशी) प्लास्टिके या बाबतीत सहसा अधिक सहनशील असतात.

आधी चीर वाचा, मग उपाय करा

फुटलेला नग हाती आला की स्क्रू काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि चिरेची दिशा नोंदवावी. चीर उभी, म्हणजे बॉसच्या अक्षाला समांतर, असेल तर परिघावरचा ताण जबाबदार आहे: भोक लहान, भिंत पातळ, आट्यांचा आकार चुकीचा किंवा रसायनाचा संपर्क. चीर बॉसच्या बुडाशी गोल फिरलेली असेल तर बॉस वाकला किंवा ओढला गेला आहे. तिथे बुडाच्या कोपऱ्यातील गोलाई, आधाराच्या रिब (बॉसला टेकू देणाऱ्या पातळ पट्ट्या) आणि झाकण-पेटीतील फट तपासावी. केवळ तोंडाशी टवका उडाला असेल तर स्क्रूचा पहिला आटा कडेलाच चावला आहे, आणि त्यावरचा उपाय अगदी सोपा आहे. तो पुढे येईल. सर्व नगांत चीर बॉसच्या एकाच बाजूला येत असेल आणि भाग साच्यात ओतलेला किंवा इंजेक्शन मोल्डिंगचा (वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून केलेला) असेल, तर वितळलेल्या प्लास्टिकचे दोन प्रवाह बॉसला वळसा घालून जिथे भेटतात ती सांधरेषा संशयित आहे.

चिरेची वेळही तितकीच बोलकी असते. आवळतानाच फुटले तर माप किंवा टॉर्क (स्क्रू आवळताना लावलेला पिळाचा जोर) चुकला आहे. काही दिवसांनी, कोणी हात न लावता फुटले, तर कोंडलेला ताण आणि बहुधा जोडीला एखादे रसायन आहे. झाकण दुसऱ्या-तिसऱ्यांदा उघडून बसवल्यावर फुटले तर जुन्या आट्यांत तिरपे नवे आटे पडले आहेत. थंडी-उन्हाच्या किंवा यंत्र तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनंतर फुटले तर दोन पदार्थांच्या प्रसरणातील फरक पाहावा.

शेवटी भिंगाखाली भंगपृष्ठ पाहावे. पांढुरके, ओढलेले, तंतुमय पृष्ठ म्हणजे चिवट पदार्थावर मर्यादेबाहेर जोर आला. गुळगुळीत, जवळजवळ आरशासारखे चकाकणारे पृष्ठ आणि जवळपास तशाच आणखी बारीक चिरा, हे सावकाश वाढलेल्या तड्याचे लक्षण आहे, आणि अशा वेळी माझा पहिला प्रश्न नेहमी रसायनांबद्दल असतो.

थ्रेडलॉकर, तेल आणि सफाईचे द्रव

या कारणावर मुद्दाम अधिक वेळ घालवतो, कारण रेखाचित्रात ते कुठेच दिसत नाही आणि म्हणून सर्वांत उशिरा सापडते. एबीएस, पॉलिकार्बोनेट, ॲक्रिलिक आणि पॉलिस्टायरीन ही अस्फटिकी (रेणूंची शिस्तबद्ध रचना नसलेली) प्लास्टिके ताणाखाली असताना काही द्रवांच्या संपर्कात आली, तर जो ताण त्यांनी एरवी अनेक वर्षे सोसला असता त्याच ताणाखाली ती तासांत किंवा दिवसांत तडकतात. द्रव प्लास्टिकला विरघळवत नाही. तो ताणलेल्या रेणुसाखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून सुटायला मदत करतो. म्हणूनच ताण नसलेला तुकडा त्याच द्रवात बुडवून ठेवला तर त्याला काहीच होत नाही, आणि तेवढ्या चाचणीवर विसंबणारा फसतो.

संशयितांच्या यादीत सर्वांत वर धातूच्या आट्यांसाठी बनवलेला, हवेच्या अभावी घट्ट होणारा द्रव थ्रेडलॉकर आहे. तो पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांना तडे पाडतो ही सर्वज्ञात गोष्ट आहे, शिवाय प्लास्टिकच्या आट्यांत तो बऱ्याचदा नीट घट्टही होत नाही, त्यामुळे द्रवरूपातच राहून भिंतीत झिरपत जातो. प्लास्टिकमध्ये स्क्रू बसवताना त्याचा वापर थांबवावा. पितळी इन्सर्ट (प्लास्टिकमध्ये बसवलेली आतून आटे असलेली पितळी नळी) असला तरी जास्तीचा थेंब खाली ओघळून प्लास्टिकपर्यंत पोहोचतो. स्क्रू सैल होण्याची भीती असेल तर कारखान्यातूनच नायलॉनचा ठिपका लावून आलेले स्क्रू घ्यावेत.

त्यानंतर स्क्रूवर राहिलेले कातकामाचे तेल येते. स्क्रू धातूकामाच्या दुकानातून थेट आलेले असतील तर ते धुऊन, सुकवून वापरावेत. यात खर्च जवळजवळ नाही आणि फायदा मोठा आहे. तिसरा संशयित सफाईचा द्रव आहे: सर्किट बोर्डावरील फ्लक्स काढण्याचे द्रावक, जुळणीनंतर पेटी पुसण्यासाठी वापरलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल (ॲक्रिलिकवर, विशेषतः नुकत्याच कापलेल्या कडांवर, ते बारीक चिरांचे जाळे उमटवू शकते), आणि पॉलिकार्बोनेटच्या बाबतीत अल्कधर्मी किंवा अमोनियायुक्त क्लीनर. चौथा संशयित सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही: मऊ पीव्हीसीच्या वायरी आणि ग्रॉमेट यांतील मऊपणा आणणारे द्रव्य सावकाश बाहेर पडते आणि टेकलेल्या एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटमध्ये शिरते. वायरीचा वेटोळा नेमका बॉसला खेटून बांधलेला असेल, तर चीर त्याच बॉसला का पडते याचे उत्तर तिथेच मिळते.

शंका पडताळण्याची पद्धत सोपी आहे. त्याच पदार्थाच्या काही बॉसमध्ये धुतलेले कोरडे स्क्रू, आणि तितक्याच बॉसमध्ये नेहमीच्या प्रक्रियेतील स्क्रू त्याच टॉर्कने बसवावेत, आणि सर्व तुकडे ४०–५० °से. तापमानात काही दिवस ठेवून रोज भिंगाने पाहावेत. फक्त दुसऱ्या गटात चिरा आल्या तर दोषी मिळाला.

मापे: स्क्रू, भोक आणि भिंत

पेटी उघडून तिच्यातील स्क्रू पाहावा. तो एम-३ सारखा यंत्राचा स्क्रू असून प्लास्टिकमध्ये टॅपने (आटे कापण्याच्या हत्याराने) पाडलेल्या आट्यांत बसवलेला असेल, किंवा पत्र्यासाठीचा स्क्रू असेल, तर त्याच्या आट्याचा कोन साधारण ६०° असतो आणि तो प्लास्टिकला पाचरीसारखा बाहेर ढकलतो. प्लास्टिकसाठी खास बनवलेल्या स्क्रूच्या आट्याचा कोन ३०° च्या आसपास आणि आटे विरळ असतात, त्यामुळे बाहेर ढकलणारा जोर बराच कमी होतो आणि पकड खोल जाते. केवळ हा स्क्रू बदलून दोष संपल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि मोजक्या नगांच्या उत्पादनात स्क्रूच्या किमतीतील फरक एकूण खर्चात दिसतसुद्धा नाही.

अशा ३०° स्क्रूसाठी सुरुवातीची मापे स्क्रूच्या बाह्य व्यासाच्या पटीत मांडली जातात. एबीएससाठी भोक ०.८ पट, बॉसचा बाह्य व्यास २ पट आणि स्क्रूची आत शिरण्याची लांबी २ पट. म्हणजे ३ मिमी स्क्रूला २.४ मिमी भोक, ६ मिमी बॉस आणि ६ मिमी पकड. पॉलिकार्बोनेटसाठी भोक ०.८५ पट, बॉस २.५ पट आणि पकड २.२ पट, म्हणजे त्याच स्क्रूला २.५५, ७.५ आणि ६.६ मिमी. पॉलिप्रॉपिलिनसाठी भोक ०.७ पटीपर्यंत लहान चालते, कारण ते मऊ आणि चिवट आहे. पॉलिकार्बोनेटला मोठे भोक आणि जाड भिंत दोन्ही लागतात. एबीएसची मापे तशीच ठेवून फक्त पदार्थ बदलणाऱ्यांचे नग अधिक का फुटतात, ते या आकड्यांतून दिसते.

भोकाच्या तोंडाशी स्क्रूच्या व्यासाच्या १.०५ पट रुंद आणि ०.३ ते ०.५ पट खोल अशी खाच ठेवावी. ३ मिमी स्क्रूसाठी ती सुमारे ३.१५ मिमी रुंद आणि १ ते १.५ मिमी खोल येते. पहिला आटा मग कडेपासून दूर, भरीव भागात चावतो आणि तोंडाचे टवके उडणे थांबते. वर म्हटलेला सोपा उपाय हाच. भोकाच्या तळाशीही मोकळी जागा हवी. स्क्रूचे टोक तळाला टेकले तर पुढचा प्रत्येक फेरा बॉसला त्याच्या बुडापासून उपटू लागतो, आणि बाहेरून मात्र स्क्रू छान घट्ट झाल्यासारखा वाटतो. वॉशर काढून टाकला, झाकण पातळ झाले किंवा दुकानात नेमका स्क्रू नव्हता म्हणून २ मिमी लांब स्क्रू आला, अशा बदलांनंतर हा दोष अचानक उद्भवतो.

बॉसच्या भिंतीविषयी एक गैरसमज मोजक्या नगांच्या कामात फार नुकसान करतो. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये बाहेरच्या पृष्ठावर खळगा दिसू नये म्हणून बॉसची भिंत मुख्य भिंतीच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंतच ठेवण्याचा नियम आहे. २.५ मिमी जाडीच्या पेटीत हा नियम पाळला तर बॉसची भिंत १.५ मिमी होते, बाह्य व्यास ५.४ मिमी होतो आणि ताकदीसाठी हवे असलेले ६ मिमी मिळत नाहीत. हा नियम वितळलेले प्लास्टिक निवताना आकसते यासाठी आहे. भाग थ्रीडी प्रिंट केलेला किंवा ठोकळ्यातून कोरलेला असेल तर असा खळगा पडतच नाही, आणि तिथे हा नियम पाळून आपण विनाकारण कमकुवत बॉस बनवतो. भिंत निःशंकपणे जाड करावी. साच्यातून काढायचे नसल्याने उताराचीही गरज नसते, तेव्हा भोक वरपासून खालपर्यंत एकाच मापाचे ठेवता येते.

बुडाच्या कोपऱ्यात किमान मुख्य भिंतीच्या जाडीच्या चतुर्थांश गोलाई द्यावी, आणि बॉस पेटीच्या कोपऱ्याच्या भिंतीत मिसळून टाकण्याऐवजी थोडा सुटा ठेवून रिबने भिंतीला जोडावा. तिरप्या डोक्याचे, म्हणजे काउंटरसंक, स्क्रू प्लास्टिकच्या झाकणात टाळावेत. त्यांचे डोके झाकणाच्या भोकाला सर्व बाजूंनी फाकवते. सपाट बुडाचे किंवा वॉशर जोडलेले डोके दाब पसरवते. झाकण सतत दाबाखाली राहणार असेल, तर भोकात धातूची छोटी नळी बसवावी, म्हणजे स्क्रूचा भार प्लास्टिकऐवजी नळी घेते.

बनवण्याची पद्धत बदलली की दोषही बदलतो

तंतू वितळवून थरावर थर रचणाऱ्या प्रिंटमध्ये थरांची दिशा हेच मुख्य कारण असते. बॉस उभा प्रिंट केला तर परिघावरचा ताण प्रत्येक थराच्या आत, अखंड तंतूंवर पडतो, ही चांगली बाब. पण ओढ लागली तर तो बुडाशी थरांमधून सुटतो. बॉस आडवा प्रिंट केला तर नेमके उलट होते आणि स्क्रू थर एकमेकांपासून फाडतो. दोन्हींपैकी उभा बॉस बरा, कारण त्याच्या बुडाला मोठी गोलाई आणि रिब देऊन दुसरा दोष आवरता येतो. बॉसच्या भिंतीत पोकळ भरण राहणार नाही इतके बाह्य वेढे द्यावेत. अशा प्रिंटमधील लहान भोके आखलेल्या मापापेक्षा दशांश-दोन दशांश मिमी लहान येतात, म्हणून स्क्रू घालण्यापूर्वी प्रत्येक भोकातून योग्य मापाचे ड्रिल हाताने फिरवून घ्यावे.

प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनच्या प्रिंटमध्ये थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडणारा स्क्रू मला अजिबात मान्य नाही. साधी रेझिने ठिसूळ असतात आणि प्रकाश मिळत राहिला तर काळानुसार अधिक ठिसूळ होत जातात, त्यामुळे आज घेतलेली चाचणी सहा महिन्यांनंतरच्या वर्तनाबद्दल काही सांगत नाही. तिथे षट्कोनी खोबणीत बसवलेला नट, आरपार बोल्ट किंवा चिकटवलेला इन्सर्ट वापरावा. लेझरने किंवा उष्णतेने सांधलेल्या नायलॉन-१२ पावडरचे भाग मात्र या कामाला चांगले. त्यात प्लास्टिकसाठीचे स्क्रू समाधानकारक चालतात.

सिलिकोनच्या साच्यात निर्वात ओतलेल्या पॉलियुरेथेनच्या नगांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ‘एबीएससारखे’ म्हणून विकले जाणारे रेझिन रासायनिकदृष्ट्या एबीएस नाही. त्याची ताठरता आणि कठीणपणा जवळपास जुळतो, चिवटपणा आणि उष्णता सोसण्याची क्षमता जुळेलच असे नाही. एबीएसच्या नमुन्यावर ठरवलेला टॉर्क त्याला लावू नये. दुसरी, असा साचा साधारण १५ ते २५ नग देतो आणि त्या काळात झिजतो. भोक पाडणारा सिलिकोनचा बारीक खांब डुलतो, भोक लंबगोल किंवा लहान होते, आणि म्हणून एकाच खेपेतील शेवटचे नगच फुटतात. साच्यात सिलिकोनऐवजी धातूची पिन ठेवली की हा दोष जातो. बॉसचे टोक साच्यात वरच्या बाजूला येत असेल तर तिथे हवा अडकून बुडबुडेही राहतात. फुटलेला बॉस आडवा कापून पाहावा.

ठोकळ्यातून कोरलेल्या पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिकमध्ये ठोकळ्याचा आणि कातकामाचा ताण आधीच शिल्लक असतो. पारदर्शक भाग दोन आडव्या-उभ्या ध्रुवक पट्ट्यांमध्ये धरला तर हा ताण रंगीत पट्ट्यांच्या रूपाने दिसतो, आणि कोरण्यानंतर भट्टीत सावकाश तापवून सावकाश निववल्यास तो बराच उतरतो: ॲक्रिलिकसाठी ८० °से.च्या आसपास, पॉलिकार्बोनेटसाठी १२० ते १३० °से. निववण्याची घाई केली तर नवा ताण तयार होतो.

ॲल्युमिनियमच्या साच्यात थोडे नग मोल्ड करणाऱ्यांनी दाण्यांचे वाळवणे तपासावे. पॉलिकार्बोनेट १२० °से. तापमानात ३–४ तास वाळवून ओलावा ०.०२ टक्क्यांखाली आणला नाही, तर वितळताना पाणी त्याच्या साखळ्या तोडते आणि भाग बाहेरून चांगला दिसूनही ठिसूळ होतो. नायलॉन-६ आणि ६६ चे उलट: साच्यातून निघालेला कोरडाठाक भाग ठिसूळ असतो आणि हवेतील ओलावा शोषल्यावर चिवट होतो, म्हणून तो लगेच जुळवण्याऐवजी आधी ओलावा घेऊ द्यावा.

पितळी इन्सर्ट

झाकण वारंवार उघडावे लागत असेल तर इन्सर्ट हवाच, पण तो चुकीचा बसवला तर तोच तडा पाडतो. उष्णतेने बसवायचे इन्सर्ट फक्त वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये चालतात; घट्ट झालेली रेझिने आणि ओतीव पॉलियुरेथेन वितळत नाहीत, ती फक्त करपतात. तिथे इन्सर्ट ओतण्यापूर्वीच साच्यात ठेवावा किंवा नंतर इपॉक्सीने चिकटवावा. थंड स्थितीत ठोकून बसवलेला खरबरीत इन्सर्ट अस्फटिकी प्लास्टिकमध्ये टाळावा, कारण वरचा ४ मिमी पिनेचा हिशेब त्यालाही लागू होतो. भोक इन्सर्टपेक्षा खोल ठेवावे, म्हणजे वितळून सरकलेल्या प्लास्टिकला जागा मिळते.

इन्सर्ट वर उपटून येत असतील तर झाकणातील भोक मोजावे. ते इन्सर्टच्या बाह्य व्यासापेक्षा मोठे असेल, तर स्क्रू आवळताना इन्सर्टला अडवायला वर काहीच नसते आणि स्क्रू त्याला बाहेर ओढून काढतो. झाकणाचे भोक लहान करावे, म्हणजे झाकण थेट पितळेवर टेकते आणि प्लास्टिकवरचा भार जवळजवळ संपतो.

तापमान

एबीएस एका मीटरमागे प्रत्येक अंशाला सुमारे ०.०९ मिमी वाढते, ॲल्युमिनियम ०.०२३ मिमी. २०० मिमी अंतरावरील दोन बॉसवर ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट बसवली आणि तापमान ४० अंशांनी बदलले, तर दोघांत अर्ध्या मिमीहून थोडा अधिक फरक पडतो, आणि तो बॉस वाकवूनच भरून निघतो. एक भोक गोल ठेवून बाकीची लांबट करावीत आणि लांबट भोकांतील स्क्रू खांदा असलेले (आट्यांच्या वर जाड गुळगुळीत भाग असलेले) घ्यावेत, म्हणजे पट्टी न आवळता सरकू शकते.

टॉर्क

दहाएक बॉसवर मोजमाप करावे: स्क्रू आत जाताना लागणारा टॉर्क आणि आटे उखडतात तो टॉर्क. दोहोंत किमान तिपटीचे अंतर असावे. नसेल तर मापे चुकली आहेत आणि टॉर्कच्या मर्यादेने ती झाकता येणार नाहीत. अंतर पुरेसे असेल तर आवळण्याचा टॉर्क आत जाण्याच्या टॉर्कपेक्षा स्पष्टपणे वर, पण उखडण्याच्या टॉर्कच्या निम्म्याच्या आसपास ठेवावा. विजेचा स्क्रूड्रायव्हर मिनिटाला साधारण ३०० ते ८०० फेऱ्यांत ठेवावा. अतिवेगाने आटे वितळतात, आणि स्क्रू थोड्याच वेळात ढिला होतो. दुरुस्तीसाठी उघडलेला स्क्रू परत घालताना आधी तो उलटा फिरवावा, जुन्या आट्यात ‘टक्’ करून उतरला की मगच सुलटा आवळावा. ही एवढी सूचना दुरुस्ती करणाऱ्याच्या कागदावर ठळक अक्षरात असावी.

आधीच तयार असलेले नग

न फुटलेल्या नगांचे स्क्रू सैल करून काढावेत, भोक योग्य मापाच्या ड्रिलने मोठे करावे, स्क्रू धुऊन किंवा बदलून कमी टॉर्कने बसवावेत. थ्रेडलॉकर लागलेले नग वरून चांगले दिसले तरी ते वेगळे ठेवावेत, कारण त्यांतील चीर कदाचित आतून सुरू झालेली असते. ते ग्राहकाकडे पाठवू नयेत. फुटलेला बॉस नुसता चिकटवून उपयोग नाही, कारण ताण तसाच राहतो. बॉसच्या बाहेरून घट्ट न बसणारी, किंचित सैल धातूची कडी घालून मधली फट इपॉक्सीने भरावी आणि भोक पुन्हा मापात ड्रिल करावे, किंवा जागा असेल तर बॉस आरपार करून बोल्ट आणि नट वापरावा. दुसरा मार्ग दिसायला साधा आहे, पण उपकरण अनेक वर्षे चालवायचे असेल तर मी तोच निवडेन.

पुढच्या खेपेपूर्वी ज्या पदार्थात आणि ज्या पद्धतीने पेटी बनणार आहे त्याच पदार्थाची, त्याच पद्धतीची एक छोटी पट्टी बनवावी आणि तीवर भोकाची तीन-चार मापे व भिंतीच्या दोन जाड्या असलेले बॉस ओळीने ठेवावेत. त्यांत ठरलेले स्क्रू ठरलेल्या टॉर्कने बसवून पट्टी काही दिवस थंड-गरम फेऱ्यांत ठेवावी आणि भिंगाने तपासावी. ज्या मापात एकही चीर दिसत नाही, त्याच्याही एक पायरी सैल बाजूचे माप रेखाचित्रावर घालावे, मात्र आधी त्या मापातील आटे उखडण्याचा टॉर्क मोजून पकड पुरेशी असल्याची खात्री करून घ्यावी.